नवी नोंद होते, पण आयडी चुकीचा येतो: शून्य, नल, नेहमी १ किंवा भलत्याचाच

एका प्रशिक्षणवर्गाच्या नोंदणीसाठी मी वेबसाइट लिहिली होती. एका बाईंनी फॉर्म भरला आणि त्यांना मिळालेल्या पावतीवर नाव, फोन नंबर, सगळं दुसऱ्याच व्यक्तीचं होतं. माझ्या मशीनवर तोच फॉर्म मी वीस वेळा भरून पाहिला, एकदाही चूक दिसली नाही. आठवड्याभराने तशीच दुसरी तक्रार आली. दोन्ही वेळा एक गोष्ट सारखी होती: नोंदणी सुरू झाल्याची घोषणा नुकतीच झाली होती आणि साइटवर गर्दी होती.

कोड अगदी साधा होता. आधी नोंदणीच्या टेबलमध्ये एक रो (म्हणजे एक नोंद) घालायची, मग तिचा आयडी (डेटाबेसने तिला दिलेला क्रमांक) काढायचा आणि तोच आयडी वापरून तपशिलाच्या टेबलमध्ये पुढच्या रो घालायच्या. आयडी मी असा काढत होतो:

सिलेक्ट मॅक्स(आयडी) फ्रॉम नोंदणी

सगळा घोळ या एका ओळीत होता. ही क्वेरी ‘मी आत्ता घातलेली रो कोणती’ असं विचारतच नाही. ‘या क्षणी टेबलात सगळ्यात मोठा आयडी कोणता’ एवढंच ती विचारते. साइटवर एकटाच माणूस असेल तर दोन्हींचं उत्तर एकच येतं, म्हणून चूक झाकून राहते. दोघांनी एकाच वेळी सबमिट केलं की पहिल्याचं इन्सर्ट आणि पहिल्याचं सिलेक्ट यांच्या मधल्या फटीत दुसऱ्याचं इन्सर्ट शिरतं, आणि पहिल्याच्या हातात दुसऱ्याचा आयडी पडतो. ‘ऑर्डर बाय आयडी डिसेंडिंग लिमिट १’ हे त्याचंच दुसरं रूप आहे. नाव आणि ईमेल जुळवून नवी रो शोधणंही तितकंच बेभरवशाचं, कारण एकच माणूस घाईघाईत दोनदा बटण दाबतो.

यात एरर येत नाही, हे सगळ्यात वाईट. चुकीचा आयडीसुद्धा खराखुरा असतो, त्यामुळे फॉरेन की (तो आयडी दुसऱ्या टेबलात आहे ना हे तपासणारा नियम) तक्रार करत नाही. लॉग स्वच्छ दिसतो आणि माहिती मात्र शांतपणे एकमेकांत मिसळत जाते.

आधी चूक मुद्दाम घडवून बघा

दुरुस्तीला हात घालण्याआधी ही चूक डोळ्यांसमोर घडवून आणावी असा माझा आग्रह आहे. नाहीतर ती खरोखर गेली की गर्दी ओसरल्यामुळे दिसेनाशी झाली, हे कळत नाही. इन्सर्ट आणि सिलेक्ट यांच्यामध्ये पाच सेकंदांचा थांबा टाका. दोन खिडक्या उघडा. पहिलीत सबमिट करा आणि लगेच दुसरीत. दोन्हीकडे एकच आयडी दिसला तर निदान पक्कं.

या चाचणीत दोन ठिकाणी मी स्वतः अडकलो होतो. पीएचपीमध्ये सेशन फायलीत ठेवलेलं असेल तर एका रिक्वेस्टने ते उघडलं की फायलीला कुलूप लागतं आणि त्याच सेशनची दुसरी रिक्वेस्ट थांबून राहते. म्हणजे एकाच ब्राउझरच्या दोन टॅबमध्ये चाचणी केली तर रिक्वेस्ट एकामागून एक चालतात आणि चूक दिसतच नाही. दुसरी खिडकी वेगळ्या ब्राउझरमध्ये किंवा प्रायव्हेट मोडमध्ये उघडा. दुसरी अडचण ट्रान्झॅक्शनची, म्हणजे एकत्र पक्क्या (कमिट) किंवा एकत्र रद्द (रोलबॅक) होणाऱ्या क्वेरींच्या गटाची. कोड ट्रान्झॅक्शनमध्ये असेल तर थांबा फक्त पहिल्या रिक्वेस्टला द्या. दुसरी रिक्वेस्ट मधल्या वेळात कमिट झाली पाहिजे, तरच तिची रो पहिलीला दिसेल.

यावरून पुढचा प्रश्न येतो आणि तो मला बऱ्याचदा विचारला जातो: दोन्ही क्वेरी ट्रान्झॅक्शनमध्ये गुंडाळल्या तर काम होणार नाही का? नाही होणार. ट्रान्झॅक्शनला दुसऱ्यांचे बदल कधी दिसावेत याच्या पातळ्या असतात; त्यातल्या रीड कमिटेड पातळीवर दुसऱ्याने कमिट केलेली रो तुम्हाला दिसतेच. मायएसक्यूएलच्या इनोडीबी या स्टोरेज इंजिनमध्ये रिपीटेबल रीड ही मूळ पातळी असते, पण तिथला स्नॅपशॉट (डेटाचं त्या क्षणाचं गोठवलेलं चित्र) साधारणपणे पहिल्या साध्या सिलेक्टच्या वेळी घेतला जातो, ट्रान्झॅक्शन सुरू होताना नाही. आपलं पहिलं सिलेक्ट म्हणजे नेमकं ते मॅक्सवालं. तोवर दुसऱ्याचं कमिट झालेलं असलं तर त्याची रो त्यात आलीच. संपूर्ण टेबल लॉक केलं तर उत्तर बरोबर येईल, पण मग गर्दीच्या वेळी सगळे एकाच रांगेत उभे राहतील. डेटाबेसला हा आयडी मुळातच माहीत असताना त्यासाठी एवढी किंमत मोजण्याचं काही कारण नाही.

मायएसक्यूएलमध्ये शून्य का येतो

मायएसक्यूएलमध्ये लास्ट_इन्सर्ट_आयडी() (शेवटी तयार झालेला आयडी सांगणारं फंक्शन) याचा आकडा प्रत्येक कनेक्शनपुरता वेगळा असतो. दुसऱ्या कनेक्शनवर हजार इन्सर्ट झाले तरी तुमचा आकडा हलत नाही. पीडीओचं लास्टइन्सर्टआयडी, मायएसक्यूएलआयचं इन्सर्ट_आयडी (या दोन्ही पीएचपीतल्या डेटाबेस लायब्ररी) आणि नोडमधल्या (सर्व्हरवरच्या जावास्क्रिप्टमधल्या) रिझल्टचं इन्सर्टआयडी यांचा उगम सर्व्हरने याच कनेक्शनवर दिलेल्या उत्तरातच असतो. म्हणून गर्दीची भीती इथे नाही. तरीही शून्य येतो, आणि त्याची कारणं ठरावीक आहेत.

सगळ्यात आधी इन्सर्ट खरंच झालं का ते बघा. पीएचपी ८.० च्या आधी पीडीओ मूळ सेटिंगमध्ये चुका गिळून टाकत असे. ८.० पासून एक्सेप्शन फेकणं ही मूळ वागणूक झाली, आणि मायएसक्यूएलआयमध्ये ती ८.१ पासून आली. जुन्या सर्व्हरवर एखादा कॉलम रिकामा राहिल्याने इन्सर्ट फसतं, कोड तसाच पुढे जातो आणि आयडी शून्य मिळतो. आयडीच्या मागे तासभर धावण्याआधी एरर मोड तपासा.

मग बघा की कॉलम खरोखर ऑटो इन्क्रिमेंट (आपोआप पुढचा आकडा देणारा) आहे का, आणि इन्सर्टमध्ये तुम्ही स्वतःच आयडी देत नाही ना. स्वतः दिलेल्या आयडीमुळे लास्ट_इन्सर्ट_आयडी() बदलत नाही, कारण तो डेटाबेसने तयार केलेला नसतो.

त्यानंतर क्रम. पीडीओमध्ये कमिट आधी आणि लास्टइन्सर्टआयडी नंतर असं लिहिलं तर शून्य हाती येतो. इन्सर्ट झाल्याबरोबर आयडी व्हेरिएबलमध्ये घ्या, मग बाकीचं करा. मध्ये दुसरं इन्सर्ट आलं तर शून्याच्या जागी चुकीचा आकडा मिळतो. मी एकदा पाहिलेल्या कोडमध्ये नोंद झाल्याबरोबर लॉगच्या टेबलात एक रो जात होती आणि त्यानंतर आयडी विचारला जात होता. उत्तर लॉगचा आयडी येत होतं. दोन्ही टेबलं एकाच दिवशी रिकामी सुरू झाल्याने बरेच दिवस दोन्हींचे आकडे जुळत राहिले आणि एक नोंद फसल्यावर त्यांच्यात एकाचा फरक पडला. अशी चूक शोधायला फार अवघड जाते.

इन्सर्ट इग्नोरमध्ये रो आधीच असेल तर नवी रो होत नाही, म्हणून नवा आयडीही नसतो. ‘असेल तर अपडेट, नसेल तर इन्सर्ट’ अशी ऑन डुप्लिकेट कीवाली क्वेरी असेल तर तिच्या अपडेटच्या भागात हे जोडा:

आयडी = लास्ट_इन्सर्ट_आयडी(आयडी)

कंसात किंमत दिली की हे फंक्शन ती किंमत त्या कनेक्शनसाठी लक्षात ठेवतं, त्यामुळे जुनी रो अपडेट झाली तरी तिचा आयडी नेहमीच्या वाटेने मिळतो.

एका इन्सर्टमध्ये अनेक रो घातल्या तर मिळणारा आयडी पहिल्या रोचा असतो, शेवटच्या नाही. नावात ‘लास्ट’ असल्याने इथे हमखास फसगत होते. रोंची संख्या आधीच ठाऊक असलेल्या साध्या इन्सर्टमध्ये इनोडीबी पुढचे आकडे सलग देतं. पण सलग म्हणजे एकेकाने वाढणारे असं धरून चालू नका, अनेक सर्व्हरच्या रचनेत ही वाढ दोन किंवा तीनचीही ठेवलेली असते.

कनेक्शन पूल: दोन ओळी, दोन कनेक्शनं

वरची सगळी हमी ‘त्याच कनेक्शनवर’ या दोन शब्दांवर उभी आहे, आणि पूल (आधीच उघडून ठेवलेल्या कनेक्शनांचा साठा) वापरताना नेमका हाच भाग निसटतो. नोडमध्ये पूलला एकदा इन्सर्टची क्वेरी दिली आणि पुढच्या ओळीत पूललाच ‘सिलेक्ट लास्ट_इन्सर्ट_आयडी()’ दिली, तर या दोन क्वेरी दोन वेगळ्या कनेक्शनवर जाऊ शकतात. कधी शून्य येईल, कधी त्या कनेक्शनवर आधी कुणी केलेल्या इन्सर्टचा आयडी येईल. लोकलवर (स्वतःच्या मशीनवर) पूलमध्ये एकच कनेक्शन मोकळं फिरत असतं म्हणून सगळं बरोबर चालतं.

उपाय सोपा आहे. इन्सर्टच्या रिझल्टमध्येच आयडी येतो, तो घ्या. दुसरी क्वेरी करायचीच असेल तर पूलमधून एक कनेक्शन मागून घ्या, दोन्ही क्वेरी त्यावरच चालवा आणि मग ते परत करा. प्रत्येक हेल्पर फंक्शन स्वतःचं नवं कनेक्शन उघडतं अशी रचना जुन्या पीएचपी प्रोजेक्टांत खूप दिसते, तिथेही हाच दोष असतो.

पोस्टग्रेसच्या पुढे पीजीबाउन्सर (पूल सांभाळणारा प्रोग्रॅम) ट्रान्झॅक्शन मोडमध्ये लावलेला असेल तर करव्हॅल() आणि लास्टव्हॅल() यांचंही असंच होतं; ही फंक्शनं सिक्वेन्सने (आयडीचे आकडे देणाऱ्या मोजणीने) या सेशनमध्ये दिलेला शेवटचा आकडा सांगतात. ट्रान्झॅक्शन संपलं की मागचं सर्व्हर कनेक्शन दुसऱ्याला मिळतं. मग कधी ‘या सेशनमध्ये सिक्वेन्सची किंमत अजून ठरलेली नाही’ अशी एरर येते, कधी एररही न येता परकी किंमत येते. एरर आली तर नशीब समजा.

एसक्यूएल सर्व्हर: नल, आणि अचानक दुसऱ्या टेबलचा आयडी

इथे तीन नावं आहेत आणि तिन्ही सारखीच वाटतात. @@आयडेंटिटी या सेशनमध्ये शेवटी तयार झालेली आयडेंटिटी (आपोआप वाढणारा आयडी) देतं, मग ती कुठल्याही टेबलची असो. स्कोप_आयडेंटिटी() त्याच सेशनमध्ये आणि त्याच स्कोपमध्ये (त्याच प्रोसीजर, ट्रिगर किंवा क्वेरीच्या तुकड्यात) तयार झालेली देतं. आयडेंट_करंट हे टेबलचं नाव घेतं आणि कुणीही, कुठल्याही सेशनमधून केलेल्या शेवटच्या इन्सर्टचा आकडा देतं. म्हणजे गर्दीत ते मॅक्सइतकंच धोक्याचं.

वर्षानुवर्षं नीट चाललेला कोड एका सकाळी भलते आयडी देऊ लागला आणि कोडमध्ये कुणी काहीच बदललं नव्हतं, असं असेल तर टेबलवर नवा ट्रिगर (रो घातली की आपोआप चालणारा कोड) आलाय का ते आधी पाहा. ऑडिटसाठी लावलेला ट्रिगर दुसऱ्या टेबलात रो घालतो, त्या टेबललाही आयडेंटिटी कॉलम असतो, आणि @@आयडेंटिटी मग तोच आकडा दाखवू लागतं. स्कोप_आयडेंटिटी() ट्रिगरच्या स्कोपकडे बघत नाही, म्हणून ते बरोबर राहतं. अपवाद ‘इन्स्टेड ऑफ’ ट्रिगरचा: तिथे खरं इन्सर्टच ट्रिगरच्या आत होतं, त्यामुळे बाहेर स्कोप_आयडेंटिटी() नल (रिकामी किंमत) देतं.

नल येण्याचं याहून जास्त दिसणारं कारण म्हणजे इन्सर्ट एका कमांडमध्ये आणि स्कोप_आयडेंटिटी() दुसऱ्या कमांडमध्ये. डॉटनेटमधली पॅरामीटरवाली क्वेरी सर्व्हरवर एसपी_एक्झिक्यूटएसक्यूएलमधून चालते आणि तिचा स्कोप तिच्यासोबतच संपतो. दोन्ही वाक्यं एकाच कमांडच्या मजकुरात, अर्धविरामाने जोडून लिहा आणि एक्झिक्यूटस्केलरने चालवा. एक्झिक्यूटनॉनक्वेरी वापरलं तर आयडी मिळणार नाही, किती रो बदलल्या तो आकडा मिळेल.

आणि मग टाइपची एरर येते. स्कोप_आयडेंटिटी() न्यूमेरिक(३८,०) टाइपचं उत्तर देतं, ते सी शार्पमध्ये डेसिमल बनून ऑब्जेक्टच्या पोटात येतं. त्यावर थेट इंटचा कास्ट लावला की इनव्हॅलिड कास्ट एक्सेप्शन. कन्व्हर्ट.टूइंट३२ वापरा, किंवा क्वेरीतच कास्ट करा.

मला स्वतःला आउटपुट इन्सर्टेड.आयडी जास्त आवडतं, कारण आयडी इन्सर्टच्याच वाक्यातून येतो आणि अनेक रो घातल्या तर सगळ्यांचे येतात. फक्त टेबलवर ट्रिगर चालू असेल तर नुसतं आउटपुट चालत नाही, ३३४ नंबरची एरर येते. तेव्हा ‘आउटपुट इन्टू’ लिहून आयडी आधी टेबल व्हेरिएबलमध्ये घ्यावे लागतात.

पोस्टग्रेस आणि इतर

पोस्टग्रेसमध्ये ८.२ पासून, म्हणजे २००६ पासून, रिटर्निंग आहे:

इन्सर्ट इन्टू नोंदणी (नाव) व्हॅल्यूज ($१) रिटर्निंग आयडी

याहून सरळ काही नाही. रिटर्निंगवालं इन्सर्ट सिलेक्टसारखं वागतं, म्हणून त्याचं उत्तर फेच करून वाचावं लागतं. पायथनमध्ये सायकोपीजी २ या लायब्ररीच्या कर्सरचं लास्टरोआयडी वाचणाऱ्यांना शून्य मिळतो, कारण ते पोस्टग्रेसच्या ओआयडी या जुन्या अंतर्गत क्रमांकाशी बांधलेलं आहे आणि आपल्या आयडी कॉलमशी त्याचा संबंध नाही. एसक्यूलाइट किंवा मायएसक्यूएलवरून पोस्टग्रेसवर आलेल्या कोडमध्ये ही चूक हटकून सापडते.

‘ऑन कॉन्फ्लिक्ट डू नथिंग’ लावलं आणि रो आधीच असली तर रिटर्निंग काहीच देत नाही. पहिल्या रोचा आयडी वाचणारा कोड तिथे कोसळतो. रिकामं उत्तर आलं तर युनिक कॉलमवरून जुनी रो शोधा.

कधी आयडी नीट मिळतो, पण टेबलात रो नसते. याचा अर्थ बहुतेक वेळा कमिट राहून गेलंय. सिक्वेन्स रोलबॅक होत नाही, म्हणून तो आकडा कायमचा खर्ची पडतो आणि पुढच्या रोला त्यानंतरचा मिळतो. आयडीमध्ये पडलेली अशी भोकं हा दोष नाही. एसक्यूएल सर्व्हर २०१२ पासून सर्व्हर अचानक बंद पडून सुरू झाला की इंट कॉलममध्ये एकदम हजाराची उडी दिसू शकते, तीही आयडेंटिटी कॅशमुळे. पावती क्रमांक सलग हवे असतील तर त्यांचा वेगळा कॉलम आणि वेगळी व्यवस्था करा, प्रायमरी कीवर ते ओझं टाकू नका.

मारियाडीबीमध्ये १०.५ पासून आणि एसक्यूलाइटमध्ये ३.३५.० पासून इन्सर्टला रिटर्निंग जोडता येतं. मायएसक्यूएलमध्ये ते नाही, आणि मारियाडीबीवर लिहिलेला कोड मायएसक्यूएलवर नेताना हे आठवावं लागतं. ओरॅकलमध्ये ‘रिटर्निंग आयडी इन्टू’ लिहून आउट व्हेरिएबल बांधतात.

आयडी नेहमी १ येतो

या तक्रारीचं उत्तर मी आता कोड न पाहताही देऊ शकतो. तुम्ही आयडी वाचत नाही, बदललेल्या रोंची संख्या वाचताय. जावातल्या जेडीबीसीचं एक्झिक्यूटअपडेट आणि डॉटनेटचं एक्झिक्यूटनॉनक्वेरी एका रोच्या इन्सर्टला १ परत देतात. पीएचपीतल्या लाराव्हेलच्या क्वेरी बिल्डरचं इन्सर्ट ट्रू देतं आणि ते पूर्णांक कॉलममध्ये ठेवलं की १ होतं. तिथे इन्सर्टगेटआयडी हवं. जेडीबीसीमध्ये स्टेटमेंट बनवतानाच रिटर्न_जनरेटेड_कीज सांगायचं, मग गेटजनरेटेडकीज मागायचं, आणि मिळालेल्या रिझल्टसेटवर नेक्स्ट() करायला विसरायचं नाही.

ओआरएम (टेबलातल्या रो ऑब्जेक्ट म्हणून वापरू देणारा थर) असेल तर बहुतेक काम तोच करतो. जँगोमध्ये सेव्ह झाल्यावर ऑब्जेक्टवर पीके (प्रायमरी की, म्हणजे आयडी) येते, पण मायएसक्यूएलवर बल्क_क्रिएट केलं तर ती येत नाही. एसक्यूएलअल्केमीमध्ये ॲड केल्यावर आयडी नन दिसतो, कारण इन्सर्ट अजून गेलेलंच नसतं. फ्लश करा, आयडी मिळेल, आणि त्यासाठी कमिटची वाट पाहावी लागत नाही.

जावास्क्रिप्टमध्ये अनडिफाइन्ड आला तर अवेट राहिलं का ते बघा. पोस्टग्रेसचा बिगइंट नोडमध्ये स्ट्रिंग म्हणून येतो, त्यामुळे तीन बरोबरच्या चिन्हांनी केलेली तुलना फसते. त्याला सरसकट नंबर बनवू नका: ९००७१९९२५४७४०९९१ च्या पुढे जावास्क्रिप्टचे पूर्णांक अचूक राहत नाहीत.

आयडी बरोबर, पण रीडायरेक्ट झाल्यावर पान ‘सापडलं नाही’ म्हणतं आणि रिफ्रेश केल्यावर दिसतं, असंही होतं. इथे लिहिणं मुख्य डेटाबेसवर आणि वाचणं रेप्लिकावर (त्याच्या प्रतीवर) चाललेलं असतं, आणि रो तिथे पोचायला क्षणभर उशीर होतो. नव्या नोंदीनंतरचं पहिलं वाचन मुख्य डेटाबेसवरून करा.

आधीच बिघडलेला डेटा

मॅक्सची ओळ काढून टाकली तरी तिने आधी लावलेल्या चुकीच्या जोड्या टेबलात तशाच राहतात. त्या शोधायला मी नोंदणीला तपशिलाचा लेफ्ट जॉइन लावला, नोंदणीच्या आयडीवर गट पाडले आणि दोन प्रकारच्या नोंदी वेगळ्या काढल्या: ज्यांना एकही तपशील नाही आणि ज्यांना असायला हवे त्याहून जास्त आहेत. या चुकीत ज्याचा तपशील हरवतो त्याची नोंद रिकामी राहते, आणि तो तपशील सहसा लगेच पुढच्या आयडीवर जाऊन बसलेला असतो. म्हणून रिकामी आणि फुगलेली नोंद जवळजवळ सापडतात. तपशिलाच्या रोवर तयार झाल्याची वेळ असेल आणि वेब सर्व्हरचा ॲक्सेस लॉग शिल्लक असेल तर बहुतेक जोड्या लावता येतात. ज्या लागल्या नाहीत त्या मी अंदाजाने हलवल्या नाहीत. त्या नोंदींवर ‘तपासायचे’ अशी खूण केली, पावत्या थांबवल्या आणि प्रत्येक व्यक्तीला फोन करून तिने काय भरलं होतं ते विचारून मगच रो हलवली.